दोन पावलांचा श्वास

नायलॉनचा साधा दोरा एका टोकाला धरून पिळत राहिलं, तर एका क्षणी तो सरळ राहायचं नाकारतो आणि स्वतःभोवतीच वेटोळी घालू लागतो.

*

कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असं म्हणतात. त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. ऐकणाऱ्यालाही नाही, तो तिथलाच असेल तर.

*

शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणतात. अंग वाढलं की शिवण उसवायची आणि माया सोडायची.

*

दारावर कोपर आपटलं की आपण ते लगेच दाबून धरतो. असं करायला कुणी शिकवलेलं नसतं.

*

उतारावर माणसं जास्त बोलतात, चढावर कमी.

*

निर्मला मगदूमला ‘वन्सं’ म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आणि तेही फक्त पळताना.

सैल

ते माणूस म्हणजे सुजाता, निर्मलाच्या धाकट्या भावाची, भरतची बायको. घरात ती सगळ्यांसारखं ‘अक्का’ म्हणायची. पण सकाळी गावातला शेवटचा यंत्रमाग मागं पडला आणि नदीकडचा रस्ता लागला, की जुन्या बायका नणंदेला म्हणायच्या तो शब्द ती मुद्दाम उकरून काढायची.

“चला वन्सं, ओढा पाय.”

निर्मला ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. लग्न केलं नव्हतं. भावाच्या घराच्या वरच्या खोलीत राहायची. दिवसभर फळ्यासमोर तिचं तोंड चालायचं, पण ते सांगणं. बोलणं व्हायचं ते नदीच्या पुलापर्यंत पळत जाऊन परत येईपर्यंत.

“तुमचे भाऊ काल माझ्याशी किती शब्द बोलले, सांगू?”

“सांग.”

“‘मीठ.’ संपलं.”

“कमी होतं का जास्त?”

“तेच तर कळलं नाही की ओ!”

हसून दोघींना पळता येईना. मग चालायचं. मग पुन्हा पळायचं. दोघींच्या अंगात सैल सुती विजारी असायच्या, निर्मलानंच शिवलेल्या, भरपूर माया ठेवून. “यात अजून एक नणंद मावेल,” असं सुजाता म्हणायची.

सैल कापडाचं शास्त्र सोपं आहे. प्रत्येक पावलाला ते फडफडतं, अंगाजवळची दमट हवा भात्यासारखी बाहेर ढकलतं आणि कोरडी आत घेतं. घाम वाळतो, अंग गार राहतं. पळणाऱ्याला ते याहून जास्त काही देत नाही, आणि काही मागतही नाही.

घट्ट

मग ‘बिलग’ आलं.

पिळलेल्या दोऱ्याच्या वेटोळ्यात ताकद असते. तापवलं की ते आखडतं, निवलं की सुटतं. हे जुनंच ज्ञान. नवं होतं ते दोऱ्यावरचं लेपन. त्यामुळे दोरा पापणी लवायच्या आत तापू आणि निवू लागला. शिवाय दोरा ताणला की त्यातून जाणारी वीज जराशी बदलते, म्हणजे आपण किती ताणलो गेलो हे दोऱ्यालाच कळतं. एकच धागा, स्नायूही आणि मज्जातंतूही. अशा धाग्याचं बिनशिवणीचं कापड विणून अंगावर चढवलं, की ते अंगाची चाल शिकतं आणि मग अंगाला हात देतं.

पाय जमिनीवर आपटतो तेव्हा मांडीचं, पोटरीचं मांस थरथरतं. थकवा बराचसा त्या थरथरीतून येतो. बिलग पाऊल टेकायच्या जरासं आधी मांडी आवळून धरायचं, थरथर उठायच्या आतच. छातीवरची पट्टी श्वास टाकायला मदत करायची : दोन पावलं आत, दोन पावलं बाहेर. आणि कुठं ठणकलं तर तिथं दाब द्यायचं. स्पर्शाचे आणि दुखण्याचे निरोप मेंदूकडे एकाच दारातून जातात. दाराशी स्पर्शाची गर्दी झाली की दुखणं बाहेर ताटकळत उभं राहतं.

फक्त हाडं त्याला दिसत नव्हती. हाड किती सोसेल याचा अंदाज ते वजन, वय आणि बाई की पुरुष यांवरून बांधायचं. बाई की पुरुष हे थेट विचारलेलं लोकांना आवडत नाही, आवाजाच्या पट्टीवरून ठरवलेलं तर मुळीच नाही. म्हणून कंपनीनं वाट काढली होती. दुकानातलं यंत्र गप्पा मारायचं आणि माणसाच्या बोलण्यातून ओळखायचं. मराठीत काय, क्रियापदच सांगतं. चाचण्या पुण्यात झाल्या होत्या. सगळ्या बरोबर आल्या.

इचलकरंजीच्या दुकानात सुजाता उभी राहिली.

— रोज पळता?
— पळतो की. पुलापर्यंत जातो, येतो.
— दमता का?
— चढ आला की दमतो. नणंद बोलत असली की नाही दमत.
— कुठं दुखतं?
— छे. दुखलं तर अंगावर काढतो.
— छान.

निर्मला शेजारीच होती. तिला या संभाषणात काही खटकलं नाही. आपल्या माणसाचं बोलणं, त्यात खटकण्यासारखं काय?

सैल

पहिल्याच सकाळी सुजाता पुलावर पोचली तेव्हा निर्मला रस्त्याच्या वळणावरही आली नव्हती. निर्मला पोचली तेव्हा सुजाता कठड्याला टेकून बसली होती. तिच्या अंगावरचं काळं कापड सैलावलं होतं.

“कानातल्या बोंडातनं बोलतंय ओ ते,” सुजाता म्हणाली. “मैत्रिणीसारखं अरे-तुरे करतंय. पण मला म्हणतंय, ‘दमलास?’”

“इचलकरंजीचं पाणी लागलं त्याला.”

दोघी हसल्या. मग सुजाता हसायची थांबली.

“वन्सं, खरं सांगू? पळताना कुणीतरी धरलंय असं वाटतं. सगळीकडनं. पडू देणार नाही असं.” ती नदीकडे बघत होती. “इतकं घट्ट मला कुणी कधी धरलंच नाही ओ.”

 “घाम पूस,” निर्मला म्हणाली.

“घाम आहे कुठं?”

परतताना सुजातानं हळू पळायचा प्रयत्न केला. पण बिलगला हळू पळणं ही चूक वाटायची. ते मांडी आवळून पाऊल पुढं ढकलायचं. आणि दोन पावलं आत, दोन पावलं बाहेर अशा श्वासात बोलायला जागाच नव्हती.

“रात्री झोप लागली?” निर्मलानं विचारलं.

“हो.”

“भरत काही बोलला?”

“हो.”

“काय?”

तिचे ओठ हलले. पट्टीनं श्वास ओढून घेतला होता. सुजातानं हात हलवून ‘नंतर’ अशी खूण केली आणि रस्त्यानं लहान लहान होत गेली.

नंतर म्हणजे घरी, आणि घरी ती ‘अक्का’ म्हणायची.

त्यानंतर निर्मला एकटीच पळू लागली. विजार फडफडायची. पूर्वी तो आवाज कधी ऐकू आला नव्हता.

घट्ट

सुजातानं पन्हाळ्याच्या घाटाच्या शर्यतीत नाव दिलं. पन्नाशी उलटलेल्यांत ती पहिली येईल असं कानातलं बिलग म्हणत होतं. म्हणजे नेमकं ते असं म्हणत होतं : “तू पहिला येशील.” सुजातानं हे जेवताना सांगितलं. भरत “बरं” म्हणाला.

ती ताट उचलून उठली तेव्हा निर्मलाला दिसलं. उजव्या पायावर भार टाकायच्या आधी सुजाता किंचित थांबली. मग जिना चढताना दरवेळी डावा पाय आधी. मग फरशी पुसताना जांघेवर ठेवलेला हात. हे सगळं बिलग अंगात नसतानाच.

“दुखतंय का गं?”

“जरा धरलंय. कापड घातलं की जातं.”

“जातं का दबतं?”

“तुमचं कॉलेज वरच्या खोलीत ठेवा अक्का.”

कॉलेजात त्या वर्षी अकोल्याच्या बोरकर मॅडम नव्या आल्या होत्या. स्टाफरूममध्ये निर्मला पिशवी उचलत म्हणाली, “मी जातो, तास आहे.” बोरकर मॅडम वळून दाराकडे बघायला लागल्या.

“काय झालं?”

“काही नाही हो. तुम्ही ‘जातो’ म्हटलं की मला दरवेळी वाटतं मागं सर उभे आहेत. सवय नाही ना आमच्या कानाला.”

निर्मला हसली. दोन पायऱ्या उतरली आणि जिन्यात थांबली. पोरं बाजूनं धक्के मारत वर जात होती. पळतो की. दमतो. अंगावर काढतो. दमलास? पहिला येशील.

पाळी गेल्यावर बाईचं हाड आतून विरळ होत जातं. बाहेरून काही दिसत नाही. आणि त्या हाडावर कुणीतरी पन्नाशीतल्या दणकट पुरुषाचं लांब, टणक पाऊल आपटत होतं. हाड ओरडलं की ते दाबून धरत होतं. मायेनं.

तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडचा आवाज फार नम्र होता. दुरुस्ती होईल, ज्यांचं बिलग आहे त्यांनी स्वतःच्या आवाजात सांगावं. मग कापड चाल पहिल्यापासून शिकेल, नीट बसायला काही आठवडे लागतील.

शर्यत त्या रविवारी होती.

सैल

स्वयंपाकघरात सुजाता भाकरी थापत होती. निर्मलानं सगळं सांगितलं, फळ्यावर सांगते तसं, पायरीपायरीनं. भाकरी थापायचा आवाज थांबला नाही.

“म्हणजे मी पुरुषाचं पाऊल टाकतोय.”

“हो.”

“टाकू दे की मग. इतकी वर्षं बाईचंच टाकलं. कुठं पोचलो?”

“सुजाता, हाड मोडेल.”

“मोडायचं ते अजून कसं मोडलं नाही?” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “अक्का, राग मानू नका. तुम्ही मागं पडलात. तुम्हाला बोलायला कुणी राहिलं नाही. हे त्याचं दुखणं आहे, माझ्या पायाचं नाही.”

यातलं निम्मं खरं होतं. म्हणून निर्मलाला उरलेलं निम्मं सिद्ध करता येईना.

“डॉक्टरला दाखव. एवढंच कर.”

“सोमवारी दाखवतो.”

भरतला सांगून पाहिलं. तो म्हणाला, “तिनं ठरवलंय ना.” हे त्याचं त्या आठवड्यातलं सगळ्यात लांब वाक्य असावं.

घट्ट

सैल कपड्यांत तिला गाठता येत नव्हतं. घट्ट कपड्यांत तिच्याशी बोलता येणार नव्हतं. निर्मला रात्री अंथरुणावर हे समीकरण उलटसुलट मांडत राहिली आणि सकाळी दुकानात गेली.

— रोज पळता?

“पळते,” निर्मला म्हणाली. दुसऱ्याचा ब्लाऊज घातल्यासारखं तोंडात परकं लागलं. “पुलापर्यंत जाते. येते.”

— दमता का?

“दमते.”

— एकट्याच पळता?

यंत्र हे सगळ्यांनाच विचारत असणार. तिनं “सध्या” असं उत्तर दिलं.

घरी येऊन वरच्या खोलीत तिनं बिलग चढवलं आणि शिकायला म्हणून खोलीतच जागच्या जागी चार पावलं टाकली. कापडानं पोटऱ्या धरल्या. मग मांड्या. मग कमर, पाठ, आणि शेवटी छातीभोवती एक पट्टा सावकाश मिटला, जसं कुणी मागून येऊन दोन्ही हात बांधावेत. निर्मला थांबली. कापड सुटलं. तिनं पुन्हा पाऊल टाकलं.

आपल्याला शेवटचं असं कुणी कधी धरलं होतं हे ती आठवू लागली. आई असेल. भिंतीला हात लावून तिनं आणखी चार पावलं टाकली.

सुजाताबद्दल जे जे तिला वाटत होतं, त्यातला राग तेवढा त्या खोलीत गेला.

शनिवारी

“आलात का शेवटी!” सुजाता ओरडलीच. फाटकाशी दोघी सारख्या काळ्या कापडात उभ्या होत्या. “वन्सं, कमर आहे की ओ तुम्हाला! विजारीत कळलंच नाही कधी.”

“जोडी लावायची का?” निर्मलानं विचारलं. दोन बिलग एकमेकांना जोडता येत. मनगटावर दाबलं की दोन्ही कापडं एकाच चालीवर चालत. चाल हळू पळणाऱ्या अंगाची धरली जाई, कारण जोरात पळणाऱ्याला हळू पळता येतं, उलट येत नाही.

“लावू की. उद्या शर्यत आहे, आज हळूच जायचंय. तुम्हाला सवय झाली की दाबा.”

जोडी लागली, की सुजाताचं कापड सुजाताची चाल सोडून निर्मलाच्या आखूड पावलावर आवळणार होतं. खुब्यावरचा दाब वेळेवर पडणार नव्हता. दुखणं दारातून आत येणार होतं. निर्मला त्यासाठीच आली होती.

पळायला लागल्या.

आत, आत.
बाहेर, बाहेर.

माग मागं पडले.

आत, आत.

रस्ता पायाखालून जात होता आणि पाय निर्मलाचे नव्हते. सुजाता जरा बळ आवरून पळत होती, निर्मला जरा ताणून. मध्ये हातभर अंतर होतं. किती दिवसांनी शेजारी.

बाहेर, बाहेर.

दाब, असं ती मनात म्हणाली.

आत,

उसाच्या मळ्यावरून वारा आला. सुजातानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं, डोळे बारीक करून, लहान मुलीसारखं. बोलायला श्वास नव्हता म्हणून नुसतंच पाहिलं.

आत.

आत्ता नको. त्या झाडापर्यंत.

बाहेर,

झाड गेलं. पुढच्या झाडापर्यंत.

बाहेर.

पूल आला. न बोलताही हे पुरेल, असं निर्मलाला वाटलं. रोज असं. पोटऱ्या धरलेल्या, छाती धरलेली, शेजारी ती. सोमवारी डॉक्टरला दाखवणारच आहे. पुलावरून परत फिरू, घरी जाऊ, उद्या घाटाच्या पायथ्याशी मी टाळ्या वाजवत उभी राहीन.

आत, आत.

सुजाताचा उजवा पाय टेकताना कापडानं तिचा खुबा इतका जोरात आवळला, की काळ्या कापडावर चुणी उठलेली निर्मलाला दिसली.

बाहेर.

तिनं दाबलं.

सुजाताचं पाऊल आखडलं. एक. दोन. तिसऱ्याला तिचा चेहरा, भर रस्त्यात कुणी हाक मारल्यावर होतो तसा, बावचळला. मग ती पुलाच्या कठड्याला धरून, कठड्यावरून हात घसरवत, खाली बसली.

“आई गं.”

पळायला लागल्यापासून तिनं उच्चारलेले ते पहिले दोन शब्द. मग श्वास मोकळा झाला तसे सगळेच आले. “काय केलंत? वन्सं, काय केलंत? सोडलं मला! कुणी सोडलं? तुम्ही सोडायला लावलंत. पाय... पाय टेकवत नाही ओ. उद्या शर्यत आहे माझी!”

निर्मला उभी होती. तिच्या छातीवरची पट्टी अजून थांबली नव्हती, पावलं थांबली तरी दोन-दोनचा श्वास मोजतच होती. एवढ्या श्वासात जेवढं मावलं तेवढंच बाहेर आलं.

“दुखू दे.”

सैल

मांडीच्या हाडाला वर जिथं मान असते, तिथं चीर होती. ‘उद्या घाट उतरताना दोन तुकडे झाले असते,’ डॉक्टर म्हणाले. स्क्रू घालायला लागले. आत नेण्याआधी नर्सनं कापडाला शिवण शोधली, सापडली नाही, म्हणून कात्रीनं कापलं. सुजातानं तोंड भिंतीकडे केलं.

कंपनीनं नंतर दुकानातल्या यंत्राला एक प्रश्न वाढवून दिला.

सुजाता घरी आली. पाय टेकवायचा नव्हता. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, भरतला तिला दोन्ही काखांतून हात घालून उचलावं लागायचं. पहिले काही दिवस तो न बोलता उचलायचा. मग “धर” म्हणू लागला. मग “धर, हां, अशी, दुखतंय का?” मग एका सकाळी निर्मला जिन्यात बूट घालत बसली होती, तेव्हा आतून भरत बोलत असल्याचं ऐकू आलं. सुताच्या दराबद्दल काहीतरी होतं. बराच वेळ बोलत होता. मध्येच सुजाता हसली, पुलाच्या रस्त्यावर हसायची तशी.

निर्मला आवाज न करता फाटक लावून बाहेर पडली.

सुजाता तिच्याशी वाईट वागली नाही. “अक्का, चहा घेतला?” असं विचारायची. “अक्का, आज ऊन आहे, टोपी घाला.” पायाबद्दल कधी काही बोलली नाही. आभार मानले नाहीत, दोषही दिला नाही. ती पुन्हा पळणार नव्हती, म्हणून तो रस्ता नव्हता, आणि त्या रस्त्यावरचा शब्दही नव्हता.

निर्मला रोज पुलापर्यंत जायची, सैल विजारीत. उतारावर तिचे ओठ हलायचे. समोरून येणाऱ्यांना वाटायचं, फोनवर बोलत असेल.

तिचं बिलग कपाटात होतं. एखाद्या संध्याकाळी ती ते अंगावर चढवायची आणि खुर्चीत बसून राहायची. पण पाऊल पडल्याशिवाय ते आवळत नाही. मग उठायची. खिडकीपासून दारापर्यंत. दारापासून खिडकीपर्यंत.

“अक्का,” खालून भरतची हाक आली. “वर काय चाललंय?”

“काही नाही,” ती म्हणाली. “येतो खाली.”

बिलगच्या कितीतरी आधी, सुजाता आयुष्यात पहिल्यांदा पळाली तेव्हा तिनं निर्मलाची सलवार घातली होती, आणि ती कमरेत इतकी सैल होती, की सगळा रस्ता सुजातानं ती एका हातानं धरून ठेवली होती.